ताईच्या घरचं यंत्र

टेलिफोन खात्यात त्यांना सगळे शीसाहेब म्हणत. तोंडावर नव्हे, अर्थात. तोंडावर नुसतं साहेब. पण कुठलीही पेटी उघडली की त्यांच्या तोंडून पहिला उद्गार निघे तो ‘शी!’, आणि तो इतक्या मनापासून निघे की ज्याची पेटी असे त्याला आपल्या आईबापांच्या वळणाबद्दलच शंका यावी.

काम त्यांचं तपासनिसाचं. एखाद्या हॉटेलाला, गोदामाला, दवाखान्याला स्वतःचं टेलिफोन यंत्र बसवायचं असलं, म्हणजे बाहेरच्या एकदोन तारांवर आतल्या खोल्याखोल्यांतले फोन चालवायचे असले, तर ते यंत्र खात्याच्या तारेला जोडण्याआधी शीसाहेब येऊन बघत. यंत्रावर खात्याच्या मान्यतेचं लेबल आहे का? अर्थिंगची तार खरोखर जमिनीत जाते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, भिंतीतली वीज आणि टेलिफोनची तार या दोघींच्या मध्ये यंत्राच्या पोटात जो आडपडदा लागतो, तो धड आहे का? तो फाटका असला तर वीज टेलिफोनच्या तारेत शिरते. आणि तार काही हॉटेलाच्या दारात संपत नाही. ती खांबावर जाते. खांबावर माणूस चढतो.

हे त्यांनी लोकांना इतक्यांदा सांगितलं होतं की सांगताना आता त्यांचे डोळे मिटलेले असत. लोक मान हलवत आणि हवं तेच करत. एका कंपनीत त्यांना अर्थिंगची तार एका सुरेख कुंडीत खोचलेली सापडली. वर झाड होतं तेही प्लॅस्टिकचं.

“माती खरी आहे, साहेब,” तिथला मॅनेजर म्हणाला होता.

एका गोदामातल्या यंत्रात उंदरीण व्यालेली. लालसर, डोळे न उघडलेली पिल्लं, आणि त्यांच्याखाली कुरतडलेल्या वायरींची गादी. एका दवाखान्यात फोनच्या रिसिव्हरला कुणाच्या तरी कानातला मळ, पावडर आणि शिळ्या थुंकीचा असा काही थर बसला होता की साहेबांनी तो रुमालात धरून तपासला आणि मग रुमालच टाकून दिला. घाणीचा त्यांना तिटकारा होताच. पण त्याहून जास्त तिटकारा होता तो घाण झाकण्याचा. लोकांना आधी कळवून तपासणीला गेलं की यंत्र बाहेरून लखलखीत पुसलेलं असे, आणि झाकण काढलं की आत तोच नरक. “तोंडाला पावडर आणि पायाला शेण,” असं ते घरी येऊन बायकोला सांगत, आणि मग हात धूत बसत.

बायको हे सगळं ऐकून घेई. समजूतदार बाई. तिचा एकच हळवा कोपरा होता, तो म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो चाळिशीला टेकला होता, पोट सुटलं होतं, पुढचे केस मागे सरकले होते, तरी ती त्याला बाळ म्हणे. आई नोकरीवर जायची म्हणून ह्या बाळाला तिनंच कडेवर घेऊन वाढवलं होतं. बाळही लाघवी. आला की घर भरून टाकी. “ताई, काय वास सुटलाय गं!” म्हणत सरळ स्वयंपाकघरात. धंदा त्याचा टेलिफोन यंत्रांचाच. कार्यालयांना, हॉटेलांना यंत्रं विकायची आणि बसवून द्यायची. शीसाहेबांनी पहिल्याच दिवशी त्याला बजावलं होतं, “तुझी कामं मी तपासणार नाही. दुसरा तपासनीस जाईल. माझं नाव कुठे घ्यायचं नाही.”

“छे छे, भाऊजी! तुमचं नाव मी देवापुढेसुद्धा घेत नाही,” मेहुणा म्हणाला होता आणि सगळे हसले होते.

खांबावर चढणाऱ्यांमध्ये खारोबा नावाचा एक लाईनमन होता. खरं नाव कागदोपत्री असेल ते असो. तुरतुरीत, किडकिडीत, मिश्या मात्र भरघोस, आणि खांबावर असा सरसर चढे की खारीला लाज वाटावी. एका सकाळी बाजाराच्या रस्त्यावरून तक्रार आली की फोनमध्ये भुंगा शिरल्यासारखी घरघर येते. खारोबा गेला, शिडी लावली, वर चढला, पेटी उघडली आणि नेहमीप्रमाणे तारेची जोडी चिमटीत धरली. खाली फळवाला उभा होता. त्यानं नंतर सांगितलं, की माणूस आधी ताठ झाला, मग एक विचित्र आवाज आला, माणसाचा नव्हे असा, आणि मग तो सुटून खाली आला. फळवाल्याच्या गाडीच्या कापडी छतावर आधी, आणि मग रस्त्यावर. छत होतं म्हणून जीव वाचला. खांद्याचं हाड मोडलं. उजव्या हाताची बोटं भाजली, दोन तर आतपर्यंत.

शीसाहेब दवाखान्यात गेले तेव्हा वॉर्डात जळक्या कातड्याचा, मलमाचा आणि फिनेलचा मिळून एक वास होता. खारोबा उताणा पडला होता.

“साहेब,” तो म्हणाला, “इतकी वर्षं तारेला हात लावतोय. घंटी वाजली तर मुंगी चावावी तसं होतं, बस. पाळीव जनावर हो ते! ते असं कसं अंगावर आलं?”

तेवढ्यात खारोबा कसनुसा झाला. त्याला लघवीला झाली होती, त्याची बायको औषधं आणायला खाली गेलेली, आणि वॉर्डबॉयला हाका मारून तो दमला होता. शीसाहेबांनी खाटेखालचं भांडं काढलं आणि धरलं. नेऊन ओतलं, धुतलं, जागेवर ठेवलं. परक्याचा रिसिव्हर रुमालाशिवाय न धरणारा हा माणूस, पण त्यांना तेव्हा कसलीही किळस आली नाही. आली नाही हेसुद्धा घरी पोचल्यावर लक्षात आलं.

त्या खांबावरून जितक्या तारा गेल्या होत्या तितक्या त्यांनी एकेक करून तपासल्या. चपलांचं दुकान, वाचनालय, दाताचा डॉक्टर. शेवटी उरलं ते कोपऱ्यावरचं राहण्याखाण्याचं हॉटेल. दर्शनी भाग असा की पायपुसण्यावर पाय ठेवायला संकोच वाटावा. मॅनेजरनं टाय बांधलेला.

“यंत्र ना? हो हो, मान्यताप्राप्त आहे. या ना, काहीतरी थंड घ्या आधी.”

“यंत्र कुठे आहे?”

यंत्र स्वयंपाकघराच्या मागे होतं. भांडी घासायच्या मोरीशेजारी एक लाकडी कपाट, त्याची दारं तेलकटून काळी आणि चिकट झालेली. खाली खरकट्याचं पिंप. साहेबांनी कपाट उघडलं तशी झुरळं भिंतीवरून फाकली. मोरीतलं पाणी उडून यंत्राच्या बाजूनं ओघळ आले होते, आणि त्या ओघळांवर तुपकट धूळ. शी! उद्गार आपोआप निघाला. यंत्राच्या वर मात्र मान्यतेचं लेबल होतं. निळं, चकचकीत, खात्याची मोहर असलेलं. बाकी कपाटात स्वच्छ अशी तेवढी एकच गोष्ट.

मुख्य बटण बंद करून साहेबांनी झाकण काढलं. अर्थिंगची तार मुळाशीच कापलेली होती.

“ही कुणी कापली?”

“ती होती तेव्हा फोनमध्ये सारखी घूं घूं यायची हो. यंत्रवाल्यांनीच कापून दिली. मग आवाज बंद झाला.”

आवाज बंद होणारच. ओरडणाऱ्याचं तोंड दाबलं की घर शांतच वाटतं. यंत्राला वीज पुरवणारा डबा कुठल्या तरी खेळण्यातला काढून बसवावा तसला होता. आडपडदा म्हणून आत जे होतं ते करपून एकमेकांना चिकटलं होतं. त्या वाटेनं भिंतीतली वीज सरळ टेलिफोनच्या तारेत, तारेतून खांबावर, आणि खांबावरून खारोबाच्या बोटांत.

साहेबांनी लेबलावरून अंगठा फिरवला. अंगठा निळा झाला. खात्याच्या लेबलाची शाई खरवडूनही निघत नाही. ही ओल्या बोटाला लागत होती.

“यंत्र कुणी बसवलं?”

मॅनेजर हसला. ओळखीचं, खालच्या पट्टीतलं हसू. “साहेब, आता तुमच्यापुढे काय बोलायचं! तुमच्या घरचेच ना. ते म्हणाले, तपासणीची काळजी नको, भाऊजी आपलेच आहेत. खात्याची तारही त्यांनीच जोडून दिली.”

कपाटातल्या वासापुढे साहेब इतका वेळ उभे होते, आता उभं राहवेना. ते बाहेरच्या बोळात जाऊन उभे राहिले. भिंतीला हात टेकला, भिंत चिकट होती, काढून घेतला. मग आत येऊन त्यांनी हॉटेलाची तार खात्याच्या तारेपासून तोडली. मॅनेजर मागेमागे. “साहेब, पाहुणे आहेत आत. गिऱ्हाईक तुटेल. अहो, एकदा फोनवर बोलून घ्या ना घरी!”

“घरीच बोलणार आहे,” साहेब म्हणाले.

संध्याकाळी घरी पोचले तर मेहुणा जेवायला बसलेला. ताईनं वाढलेलं ताट, त्यात बोटं चाटत, मान डोलावत चाललेलं जेवण. ओठांच्या कडेला तेल. साहेबांना तो इतकी वर्षं जेवताना दिसत होता, पण आज ती बोटं बघवेनात.

“या भाऊजी, ताट घ्या.”

“बाजाराच्या रस्त्यावरच्या हॉटेलाचं यंत्र तू बसवलंस?”

“कुठलं? हां, ते. का? बिघडलं?” 

“माणूस पडला खांबावरून.”

मेहुण्यानं घास खाली ठेवला. चेहरा पडला, खोटं नाही. “अरेरे! कोण हो? बरा आहे ना?” मग एक क्षण थांबून, “माझ्याच यंत्रामुळे कशावरून पण? खांबावर तारा ढीगभर असतात.”

साहेबांनी अंगठा पुढे केला. निळा डाग अजून गेला नव्हता. “लेबलं कुठून आणतोस?”

“छापून घेतो,” मेहुणा म्हणाला. लपवाछपवी नाही, आढेवेढे नाहीत. “भाऊजी, तुम्ही खात्यात बसता, तुम्हाला काय! मान्यतेला यंत्र पाठवलं की वर्ष जातं. गिऱ्हाईक थांबतंय होय? बाजारात सगळेच असं करतात. मी नाही लावलं तर दुसरा लावेल. लेबल म्हणजे शेवटी कागदच ना.”

“अहो, जेवू तरी द्या त्याला,” बायको मध्ये पडली. “फसवलं असेल कुणीतरी. माल पुरवणारे लबाड असतात. बाळला त्यातलं काय कळतं?”

साहेबांचं लक्ष गेलं ते खोलीच्या कोपऱ्याकडे. तिथे तिवईवर त्यांचा घरचा फोन होता. निरोप नोंदवून ठेवणारा, भिंतीतल्या विजेवर चालणारा. गेल्या वर्षी बाळनं ताईला भेट दिलेला. जोडायलाही तोच आला होता, साहेब तेव्हा कामावर होते. घरचा फोन कोण तपासतो! ह्याच फोनवर बायको ओल्या हातानं बोलते. त्यांनी पिशवीतून पेचकस काढला, यंत्राची वीज बंद केली आणि फोन उलटा केला. मग स्क्रू काढू लागले.

“अहो, हे काय?” बायको म्हणाली.

झाकण निघालं. आत सगळं नीटनेटकं. आडपडदा जाडजूड, हवा तसा. साहेबांनी अंगठा ओला करून लेबलावर घासला. शाई हलली नाही. पुन्हा घासला. लेबल खरं होतं. यंत्र खरं होतं. त्यांना काही उमजेना. एक वेडी आशासुद्धा वाटली, की बायको म्हणते तेच बरोबर असेल, लेबलं छापत असला तरी पोराला यंत्रातलं बरंवाईट कळतच नसेल, माल येईल तसा लावत असेल.

मेहुणा ताटावरून उठून आला होता. फोनचं उघडं पोट बघून तो चक्क दुखावला. 

“काय भाऊजी! ताईच्या घरी कसं लावीन मी तसलं?”

त्याला स्वतःलाही आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. तो सत्य तेच सांगत होता, आणि प्रेमानं सांगत होता. शीसाहेबांनी आयुष्यात उंदरांची पिल्लं पाहिली, झुरळं पाहिली, मोऱ्या पाहिल्या. पण त्या वाक्याइतकं किळसवाणं काही त्यांच्या कानावर कधी पडलं नव्हतं. म्हणजे ह्याला सगळं ठाऊक होतं. कुठली तार चावते, कुठली चावत नाही, हे नीट ठाऊक होतं, आणि चावणारी निवडून निवडून तो परक्यांच्या घरी लावत होता.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती फोनकडे बघत होती. मग तिनं वाकून भावाचं अर्धवट जेवलेलं ताट उचललं.

“ताई, मी जेवतोय अजून.”

“झालं तुझं,” ती म्हणाली.

“ताई!”

“बाळ, जा तू घरी.” तिचा आवाज चढला नव्हता. ताट घेऊन ती आत गेली आणि आतून नळ सुटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

दुसऱ्या दिवशी शीसाहेबांनी अहवाल लिहिला. पहिलंच वाक्य: यंत्र बसवणारा माझा सख्खा मेहुणा आहे. मोठ्या साहेबांनी ते वाचून चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला धुता? मी काय म्हणतो, लाईनमननं रबरी हातमोजे घातले नव्हते. तेवढंच लिहू. खरंच आहे ते.”

“मोजे फाटलेले होते. नवे त्यानं मागितले होते. आपण दिले नाहीत.”

“अहो, ते नाही लिहायचं.” मोठे साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले आणि समोरची बशी पुढे सरकवली. “घ्या, बिस्किट घ्या.”

बशीतल्या बिस्किटांवर मुंग्या होत्या. मोठ्या साहेबांनी फुंकर मारून एक उचललं आणि खाल्लं. शीसाहेबांना वाटलं, हॉटेलातलं कपाट बरं. तिथे निदान वास तरी येत होता. त्यांनी मोज्यांचीही गोष्ट अहवालात घातली आणि प्रत वरच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिली.

पुढे जे व्हायचं ते झालं. मेहुण्याचा परवाना गेला. त्यानं बसवलेली यंत्रं खात्यानं हुडकून काढून एकेक तारेपासून तोडली, त्यात खुद्द शीसाहेबांना जायची परवानगी नव्हती, पण शिव्या त्यांनाच पडल्या. ज्यांच्या कपाटांत मरण बसलं होतं तेच लोक म्हणाले, ह्या माणसानं आमचा धंदा बुडवला. खात्यातल्या मंडळींनी त्याहून पुढची मजल मारली. “वाटा मिळाला नसेल, म्हणून उलटला.” हे साहेबांनी जिन्यात स्वतःच्या कानांनी ऐकलं. बोलणारा मागे वळला, त्यांना बघून नमस्कार करून मोकळा झाला. साहेबांना त्या नमस्काराची जास्त शिसारी आली.

खारोबाचा खांदा जुळला. बोटं वाकायची ती पुरती वाकेनात. त्याला खात्यानं तक्रारींच्या खोलीत खुर्ची दिली. दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि लिहून घ्यायची, तीही डाव्या हातानं. 

“वर कधी चक्कर आली नाही, साहेब,” तो म्हणे, “इथे जमिनीवर येते.” 

शीसाहेबांची बायको त्याच्या बायकोकडे जात असे. काय बोलत ते त्या दोघींनाच माहीत. आपण कुणाची बहीण हे तिनं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं, एवढं मात्र साहेबांना कळलं. खारोबाच्या बायकोनं त्यावर तिला बसायला पाट दिला होता.

आणि मेहुणा? त्याचं पुढे फार वाईट झालं असं सांगता आलं असतं तर ऐकणाऱ्याला बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. थोडे दिवस तो घरी बसला, मग पाणी शुद्ध करायची यंत्रं विकू लागला. हा धंदा तर आधीच्याहून जोरात चालला. नवी गाडी आली. लोक त्याला बोलावून न्यायचे, तो सगळ्यांशी हसून बोलायचा.

त्याची आणि साहेबांची गाठ पडली ती सासूबाईंच्या आजारपणात. म्हातारीच्या अंगात त्राण उरलं नव्हतं, अंथरूण ओलं झालं होतं, आणि तिला उचलून दुसऱ्या खाटेवर ठेवायचं होतं. खोलीत बायको, साहेब आणि तो. दुसरं कुणी नाही.

“भाऊजी,” मेहुणा हळूच म्हणाला, “झालं गेलं विसरून जा ना. किती दिवस असं?”

साहेब म्हातारीच्या उशाशी सरकले.

“तुम्ही दोघं पाठीखाली हात घाला,” बायको म्हणाली. “एकमेकांचे हात धरा, नाहीतर ती निसटेल. मी पाय धरते.”

दोघांनी म्हातारीच्या पाठीखालून हात घातले. मेहुण्याची बोटं आली ती मऊ, किंचित दमट, आणि त्यांनी साहेबांच्या मनगटाला घट्ट मिठी मारली. साहेबांच्या अंगावर सरसरून काटा आला. ओल्या अंथरुणाचा वास नाकात होता, त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. झटकून टाकावासा वाटत होता तो हा हात. पण त्यावर म्हातारीचा सगळा भार होता. त्यांनीही पकड आवळली आणि तिघांनी मिळून तिला अलगद दुसऱ्या खाटेवर ठेवलं.

“किती छान उचललंत रे दोघांनी,” म्हातारी डोळे मिटून म्हणाली. “असेच राहा मिळून.”

“हो, आई,” मेहुणा म्हणाला.

साहेबांनी हात सोडवून घेतला आणि ओली चादर गोळा करून धुवायला बाहेर नेली.